डोरीनचे उरलेले टेक

साठच्या दशकापासून डेस प्लॅट डोरीनच्या दाराबाहेर उभा आहे. ‘डोरीन, दार उघड’ हे त्याच्या पॅराफिन्स बँडचं एकुलतं एक गाजलेलं गाणं. डोरीन दार उघडत नाही आणि लोक डेसला दुसरं काही गाऊ देत नाहीत. बँडमधले बाकीचे वारले, म्हणजे सुटले. त्यातला ड्रमवाला वॉल्टर माझा आजोबा. आता त्याच्या जागी मी बसतो. स्टूल तेच आहे, उशी बदलली.

आम्ही समुद्रकाठच्या सुट्टीच्या कँपांवर वाजवतो. जुन्या गाण्यांचा शनिवार-रविवार असतो, म्हातारी माणसं चिप्सवर व्हिनेगर ओततात आणि तरुण होतात.

डेसने मात्र एक नवं गाणं केलं होतं, हिल्डावर. हिल्डा त्याची बायको. बिचारीने जन्मभर डोरीन ऐकली आणि मागच्या वर्षी गेली. एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर हिल्डाचं गाणं म्हणायचं एवढीच त्याची इच्छा.

तेवढ्यात जुन्या रेकॉर्डिंगवाल्याच्या बायकोला गॅरेजमध्ये उलट्या होडीखाली टेपा सापडल्या. डोरीनचे सगळे फसलेले टेक, म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी बिघडलेले नाहीतर अर्धवट राहिलेले प्रयत्न. एका कंपनीला ते सीडीवर काढायचे होते. डेस लगेच हो म्हणाला.

“एकच गाणं इतक्या तऱ्हांनी बिघडलेलं ऐकलं की लोकांना शिसारी येईल,” तो मला म्हणाला. “मग हिल्डा.”

सीडी निघाली. शिसारी आली नाही.

“डेस, राजा,” स्केग्नेसच्या कँपवर पहिल्या रांगेतून ग्लेनिसबाई म्हणाल्या. त्या आमचा एकही कार्यक्रम चुकवत नाहीत. “टेक चार होऊ दे.”

“तो अर्धाच आहे, ग्लेनिस. वॉल्टरच्या हातातून काठी पडली होती.”

“म्हणून तर.”

आम्ही वाजवलं. मी काठी टाकली. टाळ्या पडल्या.

“तुझा आजोबा डावीकडे टाकायचा,” एक टकले गृहस्थ मला म्हणाले. “आवाजावरून कळतं.”

मग सगळेच टेक मागितले जाऊ लागले. सातमध्ये डेस खोकतो. नऊमध्ये सँडविचवरून भांडण होतं, त्यातली वारलेल्या बास गिटारवाल्याची वाक्यं माझ्या वाट्याला आली. “हॅमचं माझं होतं,” मी म्हणायचो आणि सगळं सभागृह एका सुरात उत्तर द्यायचं, “मग नाव लिहायचं होतं.” एका टेपवर तर नुसतं “तयार?” एवढंच आहे. ते शेवटी, लोकाग्रहास्तव.

“आधी एकच दार होतं,” पुन्हा स्केग्नेसला गेलो तेव्हा डेस कपडे बदलताना म्हणाला. “आता गल्लीच झाली.”

“अकरामध्ये तुला गावं लागत नाही.”

“त्यात मी शिंकतो.”

“हो, पण मनापासून शिंकतोस.”

तो हसला नाही. त्या दिवशी मंचावर गेला आणि कोणाला न विचारता त्याने हिल्डा सुरू केली. मी हळूच साथ धरली. दुसऱ्या कडव्यात ‘तुझ्या सपाता अजून’ इथपर्यंत आला. पुढे शब्दच फुटेनात. तो थांबला.



“हे कुठल्या टेपवर आहे?” ग्लेनिसबाईंनी विचारलं.

“कुठल्याच नाही. घरी स्वयंपाकघरात केलंय.”

“म्हणजे डेमो, कच्चा टेक,” टकले गृहस्थ म्हणाले आणि सभागृह उठून उभं राहिलं. मोबाइल तर आधीपासूनच वर होते.

पुढच्या आठवड्यात क्लीथॉर्प्सच्या कँपवर गर्दी हिल्डासाठी होती. डेसने शर्टाला इस्त्री केली होती. वाटेत गाडीत त्याने मला पूर्ण गाणं म्हणून दाखवलं होतं, कुठेही न अडखळता. पुढच्या ओळीत हिल्डा जिन्यावरून खाली येते, सपाता पायात घालते आणि चहाचं विचारते. चांगली ओळ आहे.

‘तुझ्या सपाता अजून’ आलं. लोकांनी श्वास रोखला. डेस पुढे गायला लागला. कुजबुज सुरू झाली. ग्लेनिसबाईंनी हात वर केला, अगदी मायेने.

“डेस, राजा, इथे थांबायचं असतं.”

“पण पुढे गाणं आहे, ग्लेनिस. पुढे ती येते.”

“येत असेल रे. पण आमच्या मोबाइलवर आहे त्यात नाही येत.”

डेसने माझ्याकडे पाहिलं. मी झांजेकडे पाहिलं. तिच्यात आम्ही दोघंही वाकडे दिसत होतो.

त्याने माइक जवळ ओढला. “टेक दोन,” म्हणाला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सपातांपाशी आला आणि थांबला, स्केग्नेसला थांबला होता तितकाच वेळ. टकले गृहस्थ डोळे मिटून मान डोलवत होते.

मग टाळ्या पडल्या. हिल्डा वर जिन्यातच राहिली.