बानूबाईचा कप

करुणानं सकाळपासून दुसऱ्यांदा पातेलंभर चहा मोरीत ओतला आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून पेठेकडं नजर टाकली.

आठवडी बाजाराची पेठ फुलली होती. उसाच्या ट्रॉल्यांमागं इंदापूरची एसटी बोंबलत उभी होती. करुणाच्या दुकानात गिऱ्हाईक येत नव्हतं असं नाही. बिस्किटाचे पुडे जात, सोड्याच्या बाटल्या जात. कागदातलं, बाटलीतलं सगळं खपे. भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून चहा तेवढा घशाखाली उतरत नसे. तोंडानं मात्र मेले काही बोलतील तर शपथ! कुणाला पित्त होई, कुणाचा नुकताच झालेला असे.

"एवढा बाजार बघू," तिचा नवरा संघपाल म्हणाला होता. "न्हायतर स्टो इझवू. बिस्किटं इकू निस्ती."

तेच तिला खुपत होतं.

इतक्यात समोर भाजी विकणारी बानूबाई आत येऊन बाकड्यावर टेकली. म्हातारी मायेची. रोज सावलीला यायची, पोरी पोरी करायची, पण चहाचं नाव काढलं की तिलाही पित्त.

"टाक गं पोरी आज चहा. आलं घाल चांगलं."

करुणाला आभाळ ठेंगणं झालं. तिनं आलं ठेचलं, धुतलेला ग्लास पुन्हा धुतला. ती ओतणार, तोच बानूबाईनं पदराआडून कानतुटका कप काढला.

"ह्यात वत. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी न्हाय मानत बाई, पर आमचं म्हातारं लई कडक हाय."

करुणाचा हात थांबला. तिच्या बापाचाही असाच कप होता, गावच्या हॉटेलामागं खिळ्याला टांगलेला. पिऊन झाला की आबा स्वतःच विसळून ठेवायचे. लहानपणी तिला वाटायचं, आबांचा मान मोठा, म्हणून कप वेगळा.

तिनं ओतला. बानूबाईनं भुरके मारत संपवला.

"झ्याक झालाय! आता रोज येईन बघ. कप हितंच ऱ्हाऊ दी माझा."

रोज! याच शब्दासाठी ती झुरत होती. तिनं कप विसळला. मग त्याच कपात स्वतःला चहा ओतून घेतला आणि बानूबाईसमोर बसून पिऊ लागली.

बानूबाईचा पदर तोंडाशी गेला.

करुणानं शेवटचा घोट घेतला, कप धुतला आणि फळीवरच्या ग्लासांत उपडा घातला.

"कप हितंच हाय, मावशी. उद्या येताय न्हवं?"