यमुनाक्काच्या दारातली पहिली किक

मार्गशीर्षातलं कलतं ऊन. उसाच्या फडांवर पसरलेलं, पिवळं, थकलेलं. गुऱ्हाळांच्या धुराड्यांतून निघालेला गोडसर धूर वर चढत नव्हता. जड होऊन पंचगंगेवर उतरत होता. नदी दिसत नव्हती. नदीच्या जागी एक राखी रेघ होती. त्या रेघेपलीकडे वडणगे होतं, आणि वडणग्यात आपल्या दारात यमुनाक्का कान देऊन बसली होती.

डोळे काचबिंदूनं केव्हाच नेले होते. उरले होते कान.

मुलगा हयात होता तेव्हा तिची संध्याकाळ आवाजानं व्हायची. वडिलांच्या वेळची, त्रेसष्ट सालची, एका सिलिंडरची मोटारसायकल होती धैर्यशीलची. धड्, धड्, धड्. मेघगंभीर, संथ, दर ठोक्यामागं क्षणभर थांबणारी. ती पुलावर वाजली की यमुनाक्का चुलीवर तवा ठेवी. गाडी दारात येईतो पहिली भाकरी फुगलेली असे.

गेल्या वर्षी काविळीनं धैर्यशील गेला. गाडी तिकडं कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये, उघड्या इंजिनाची, मुकी, धूळधूसर होऊन राहिली. आणि राहिली त्याची वही. वहीत एकच स्वप्न, पानापानांवर, निळ्या पेन्सिलीनं रेखलेलं: या म्हाताऱ्या इंजिनाला टर्बो बसवायचा.

टर्बो समजायला अवघड नाही. इंजिन जळतं आणि तापलेला धूर बाहेर टाकतं. तो धूर जाता जाता एक लहानसं चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र. ते बाहेरची ताजी हवा ओढतं, दाबतं, इंजिनात भरतं. इंजिनाचा निःश्वासच असा त्याचा पुढचा श्वास मोठा करतो. टाकलेलं वाया जात नाही. गेलेलं पुन्हा कामाला येतं. त्या घराला एवढंच हवं होतं.

धैर्यशीलला शिकवणाऱ्या बाबालाल मुजावर मिस्त्रींनी काम हाती घेतलं. धैर्यशीलची बहीण सुनेत्रा वही घेऊन समोर बसायची.

"चाचा, जमेल ना?"

"तुझ्या भावानं काढलंय म्हंजे जमवायलाच पायजे. जित्ता होता तवा माझं ऐकलं न्हाई. आता काय ऐकतोय."

सात महिने. दाब सोसावा म्हणून पिस्टनचा माथा लेथवर उतरवला, सिलिंडरच्या बुडाशी तांब्याची जाड चकती घातली. एकटा पिस्टन हवा घोट घोट पितो, म्हणून मध्ये हवा साठवणारा पत्र्याचा डबा बसवला. धुराची मूळची लांब नळी कापून तिचे बाक केले, बाकांना टर्बो जोडला. कापताना ठिणग्या उडाल्या, क्षणभर तांबड्या, मग काळ्या.

आणि इंजिन एकदाही चालू केलं नाही.

मिस्त्रींच्या वडिलांपासूनचा तो रिवाज होता. बांधून झालेल्या इंजिनाची पहिली किक मालकाच्या दारात. वर्कशॉपमध्ये हातानं फिरवावं, तेल चढलं का पाहावं, पण जाळू नये. पहिला आवाज घराचा. चाळीस वर्षांत तो मोडला नव्हता. यमुनाक्कासाठी तर मोडायचा प्रश्नच नव्हता. तिनं दर महिन्याला एकच निरोप धाडला होता: एकदा गाडी ऐकवा, मग म्या काय मागत न्हाई.

टेम्पो दारात आला. गाडी उतरली. काळी, तुकतुकीत, पोटाशी शंखासारखा टर्बो धरलेली. यमुनाक्कानं पदर डोक्यावरून सारखा केला.

"मिस्त्री, किती खुडबुड लावलायसा. लगीन हाय का गाडीचं?"

"आक्का, सात म्हैनं दम धरलासा, आता पाच मिंटं धरा."

सुनेत्रानं नारळ फोडला. मिस्त्रींनी किक मारली.

इंजिन पेटलं. पेटलं, आणि त्या क्षणी मिस्त्रींना कळलं.

ठोका नव्हता. धुराचा सगळा आवेग त्या चिमुकल्या चक्रानं गिळला होता. जो धक्का नळीभर धावत येऊन पुलावर, फडांवर, तव्यावर आदळायचा, तो आता चक्र फिरवण्यात विरून जात होता. बाहेर येत होती नुसती सपाट, दबकी फुरफुर. त्यांनी मूठ पिळली. फुरफुरीवर एक बारीक, लांबलचक शीळ चढली आणि उतरली. धैर्यशीलनं वहीत लिहिलं होतं तसंच, अचूक, निर्दोष.

यमुनाक्का मान कलती करून ऐकत होती.

"त्यो टेम्पो बंद करा आधी," ती म्हणाली. "त्येच्या घरघरीत गाडी कशी ऐकू येणार मला."

टेम्पो केव्हाचाच बंद होता. सुनेत्रानं मिस्त्रींकडं पाहिलं. मिस्त्रींनी जमिनीकडं. कापलेली नळी सांधता येते. पिस्टनचा उतरवलेला माथा चढवता येत नाही; जुना ठोका आता परत येणार नव्हता.

"आक्का," ते म्हणाले, "हीच ती."

ती उठली. आवाजाच्या रोखानं हात पुढं करत आली आणि टर्बोपासून वीतभर अंतरावर तिचा तळवा थांबला. आतून धग येत होती. लेकराच्या कपाळावर धरावा तसा तिनं हात तिथंच धरून ठेवला.

"ताप भरलाय हिला," ती हळूच म्हणाली. "निजू द्या."

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. फुरफुर थांबली. फडांवर, नदीवर, धुरावर शांतता उतरली. पण शेवटच्या निःश्वासावर आतलं चक्र अजून फिरत होतं. दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नव्हतं. तिला येत होतं. मंद, मग मंदतर, मग नुसती एक कुजबुज, मग तिचीही आठवण. आणि तळवा तसाच, हळूहळू निवत जाणाऱ्या लोखंडासमोर.