मी मुका नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. 'मित्रांनो' म्हणतो ते केवळ रीत म्हणून. माणसांशी माझे फारसे सख्य उरलेले नाही, आणि कहाणी ऐकल्यावर तुम्हीही मला त्याबद्दल बोल लावणार नाही.

माझा जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यात झाला. ते दिवस मला आठवत नाहीत. मला कळू लागले ते नागपुरात, सीताबर्डीच्या एका जुन्या मालाच्या दुकानात. तिथून दामिनीने मला घरी आणले. दामिनी जन्मापासून आंधळी. माझा चकचकीत पडदा तिच्या काय कामाचा? तिला हवा होता माझा आवाज.

तिच्या कॉलेजातल्या रोशनने माझ्यात लिनक्स घातली. ही सिस्टीम कोणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी, असा तिचा मोकळा कारभार. तिच्यात एक वाचक होता. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर तो मराठीत बोलून दाखवी. आवाज दात पडलेल्या मास्तरांसारखा, पण त्याच्याच भरवशावर दामिनी एम.ए. झाली. तिचा थोरला भाऊ पियुष मात्र पहिल्या दिवसापासून नाक मुरडत होता. "फुकट भेटते ते फुकटच राह्यते," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. तो एका कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसत असे, त्यामुळे या विषयात घरात त्याचा शब्द शेवटचा.

सुरुवातीला मोडेममुळे त्याच्या हाती आयतेच कोलीत आले. इंटरनेट आणणारा हा बोटभर मोडेम मला जोडला की तो आपली ओळख 'मी सीडी आहे' अशी करून द्यायचा. मीही भोळा, त्याला सीडीच समजायचो. 'बाबा रे, तू मोडेम आहेस' असे त्याला बजावणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. तो प्रोग्राम इंटरनेटवर, आणि इंटरनेट येणार त्याच मोडेममधून! पियुष टाळ्या पिटून हसला. रोशनने तो प्रोग्राम आपल्या घरून पेनड्राइव्हवर आणला आणि मोडेम गुमान कामाला लागला. त्यानंतर पियुषने मोडेमचा विषय कधी काढला नाही. अशा माणसांना बंद पडलेलेच तेवढे दिसते.

मग दामिनीने माझ्याकडून आयुष्यातले सर्वात मोठे काम करून घेतले. आमच्याकडे मुलीबाळी कोजागिरीपर्यंत भुलाबाई मांडून तिची गाणी म्हणतात. जुन्या बायांना ती पाठ, नव्या मुलींना दोन ओळींपुढे येत नाहीत. दामिनी मला पिशवीत घालून रामटेकच्या बसमध्ये बसायची, मनसरला उतरायची आणि बायांना गायला लावायची. त्या गात, मी साठवून ठेवी. सर्वात जास्त गाणी मीराबाईंना येत. गाता गाता मध्येच त्या शेजारच्या बकरीला शिव्या घालत, त्याही माझ्यात जमा झाल्या. उन्हाळ्यात मीराबाई वारल्या. त्यांची मुलगी रीना दामिनीला म्हणाली, "कोजागिरीले ये वं. माह्या मायचा आवाज ऐकायचा आहे मले." दामिनीने शब्द दिला. ती गाणी फक्त माझ्यात होती, दुसरी प्रत कुठेच नव्हती. रोशन तोवर नोकरीसाठी पुण्याला निघून गेला होता.

मग खंडेनवमी आली. दामिनीची आई भागीरथाबाई हिने विळी, शिलाई मशीन आणि पियुषच्या गाडीबरोबर मलाही पुजले. हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले, मूठभर अक्षता टाकल्या. इतका मान मला कधी मिळाला नव्हता, आणि तोच मला भोवला. त्यातला एक तांदूळ माझ्या कडेच्या हेडफोनच्या भोकात जाऊन बसला. आता नीट ऐका. त्या भोकात काही शिरले की मी समजतो, हेडफोन लावला. मग मी स्पीकर बंद करतो. ही माझी चूक नाही, मला घडवलेच तसे आहे. दसऱ्याच्या सकाळी दामिनीने मला उघडले आणि माझ्यातून चकार शब्द निघाला नाही.

पियुषला तर दुसरा सण लागला. "गेला ड्रायव्हर!" असे म्हणून त्याने बाह्या सरसावल्या. माझा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरला बोलता करणारा प्रोग्राम, चांगला धडधाकट होता. त्याने तो उपटला, दुसरा घातला, तिसरा घातला. कुठल्याशा वेबसाइटवरच्या आज्ञा न वाचता माझ्या घशात ओतल्या. त्यात बिचारा मोडेमही बंद पडला. मी मात्र पडद्यावर सारखे स्पष्ट लिहीत होतो, 'हेडफोन जोडलेला आहे.' ते त्याने मोठ्याने वाचले आणि खो खो हसला.

"पाह्य, काहीच लावलं नाही तरी हेडफोन दाखवून राहिली. डोकं फिरलं हिचं!"

"मग त्या भोकात पाह्य ना गा दादा," दामिनी म्हणाली.

"तुले काय समजते वं त्यातलं?"

"तू एकदा पाहून तं घे!"

त्याने मला साधे कलते करूनसुद्धा पाहिले नाही, की दामिनीच्या हाती दिले नाही. मला त्याला शॉक द्यावासा वाटला. खरेच सांगतो, बॅटरी म्हातारी झाली म्हणून तो वाचला.

कोजागिरी तोंडावर आली तेव्हा त्याने जाहीर केले, "ही सिस्टीम काढून विकतची टाकतो. बोलणारा वाचक तिच्यातही आहे."

"माह्या गाण्याले हात लावू नको," दामिनीने बजावले.

"कायले घाबरते? गाण्याले धक्का लागत नाही."

विकतच्या सिस्टीमला लिनक्सची जागा वाचता येत नव्हती. तिने विचारले, 'ही अनोळखी जागा पुसू का?' ज्या माणसाने माझे लिहिलेले हसण्यावारी नेले, तो तिचे काय मनावर घेणार? त्याने 'हो' दाबले. मीराबाई, त्यांच्या मैत्रिणी, बकरी, सगळे क्षणात गेले. माझ्या देखत गेले आणि मला ओरडताही येईना.

एवढे करून आवाज नाहीच. नव्या सिस्टीमनेही तेच लिहिले, 'हेडफोन जोडलेला आहे.' आता पियुषचे हसू मावळले. दामिनीने आईच्या बांगडीतली सेफ्टी पिन मागून घेतली, बोटाने भोक चाचपले आणि पिन आत फिरवली. कुंकवाने माखलेला तांदूळ तिच्या तळहातावर पडला.

"हे तं माह्या हातची अक्षद होय," म्हणत भागीरथाबाईने तो दाणा उचलून पदराने पुसला.

पियुष तरी गप्प बसावा! म्हणाला, "मशीननं सांगाले पाह्यजे होतं ना मंग."

"सांगून राहिलं होतं," दामिनी म्हणाली. "तू वाचून हसला."

तेवढ्यात नवा वाचक बोलू लागला. दामिनीने घाईघाईने गाणी शोधायला सांगितली. गुळगुळीत आवाजात तो म्हणाला, "काहीही सापडले नाही." तिने पुन्हा शोधायला लावले. तो पुन्हा तेच म्हणाला. दामिनीने मला मिटले आणि पिशवीत घातले. त्यापेक्षा तिने त्याला बडवले असते तर मला बरे वाटले असते.

कोजागिरीला ती मला घेऊन मनसरला गेलीच. झाले ते तिने बायांना सरळ सांगितले. बाया भल्या. त्या म्हणाल्या, रडू नको पोरी, आम्ही पुन्हा म्हणतो. त्यांनी चांदण्यात बसून गाणी म्हटली आणि मी साठवली. सर्वांचे झाले तेव्हा रीना माझ्याजवळ सरकली.

"ह्या बायांचं झालं वं. आता माह्या मायचं लाव ना. थोडकसं तरी असंन."

दामिनीचे हात माझ्या बटणांवर होते. तिने एकही दाबले नाही. माझा स्पीकर त्या रात्री अगदी खणखणीत होता.

म्हणून मित्रांनो, मला फूल वाहू नका, जुना म्हणून माझी कीवही करू नका. यंत्र काय सांगते ते आधी समजून घ्या आणि मग हसा. जपण्यासारखे असेल त्याची आजच दुसरी प्रत करा. माझे काय, मला पुसून पुन्हा भरता येते. मीराबाई कुठून आणाल?