गोदामातल्या मांजरी

उत्तमचंद शेठच्या घरचं नेट बंद पडत नव्हतं, खंगत होतं. बंद पडलं असतं तर तक्रार तरी नीट करता आली असती. आसेगावात नेटची तार आली तेव्हापासून सून कृतिका पुण्याच्या कंपनीचं काम माडीवर बसून करत होती. मग महिन्यागणिक वेग उतरत गेला आणि मिटिंगमध्ये तिचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजू लागला.

कंपनीने शेवटचं बजावलं होतं. आज अकराला मोठ्या ग्राहकासमोर सादरीकरण. त्यात अडथळा आला तर सोमवारपासून पुण्यात हजर व्हायचं. कृतिका गेली की नवरा जिनेश जाणार, आणि जिनेश गेला की दुकानात उत्तमचंद एकटे. हे घरात सगळ्यांना कळत होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

निदानं मात्र भरपूर झाली होती. मंगरूळपीरहून नेटवाला खालिद येऊन वायफायचा डबा बदलून गेला. तार ठणठणीत आहे म्हणाला. जिनेशने डबा खिडकीत ठेवला, मग कपाटावर. उत्तमचंदांच्या मते पोहरादेवीची यात्रा भरली की सगळं नेट तिकडे ओढलं जातं. यात्रा उठल्यावर ते परत का येत नाही, याचा खुलासा त्यांनी केला नाही.

सकाळी कृतिकाने शेवटचा उपाय म्हणून वायफायचा पासवर्ड बदलला आणि कोणालाच सांगितला नाही. वेग असा चढला की तिला आनंदाऐवजी धास्ती वाटली. म्हणजे नेट घरातच मुरत होतं.

अकराला थोडाच वेळ उरला असताना सासूबाई, प्रेमाबाई, धापा टाकत जिना चढून आल्या.

"कृतिका, गोदामातल्या मांजरी काहून चूप झाल्या?"

गोदामात मांजर नव्हती. मांजर पाळायची तर तिच्या शिकारीचं पाप घराच्या माथी. उंदीर मात्र होते. त्यांनी तुरीची पोती कुरतडली तेव्हा उत्तमचंदांनी विषाचा डबा आणला, आणि प्रेमाबाईंनी जैन महाराजांपुढे नियम घेतला की गोदामात जीव मरू देणार नाही. तडजोड म्हणून एका कोपऱ्यात जुना मोबाईल ठेवला; त्यात मांजरींचा व्हिडिओ अहोरात्र चाले. उंदीर दुसऱ्या कोपऱ्यात गेले, तिथे दुसरा मोबाईल गेला. असं करत सगळ्या नातलगांचे टाकून दिलेले मोबाईल तिथे नोकरीला लागले. आवाज थांबला की विष, हे उत्तमचंदांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. कृतिका माडीवरून ते म्याव रोज ऐकत होती. आवाज मोबाईलमध्ये भरून ठेवला असेल, असं ती धरून चालली होती.

"ते सगळं नेटवरून चालते, आई?"

"मंग काय मांजरी खाली बसून राह्यल्या?"

मिटिंग झाली की आवाज मोबाईलमध्येच भरून देते, मग नेट लागणार नाही, तोवर तासभर थांबा, असं कृतिका म्हणाली.

"मी थांबतो वं. पन हे विषाचा डब्बा घेऊन उभे आहेत. पासवर्ड दे."

"दिला तं मले पुण्याले जा लागते."

प्रेमाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि खाली गेल्या.

अकराला ग्राहक पडद्यावर आला. दुसऱ्या स्लाइडवर खालून म्याव आलं. बारीक, आणि नकळत भजनाच्या चालीवर गेलेलं. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, घरी मांजर आहे का? कृतिका हो म्हणाली.

चित्र काचेसारखं स्वच्छ होतं. आकडे, आलेख, ग्राहकाची मान डोलू लागली. खालचा आवाज मात्र बसत चालला. खोकल्याची उबळ आली आणि तो थांबला. शांततेत डब्याचं झाकण वाजलं.

कृतिका अर्ध्या वाक्यात तोंड उघडं ठेवून थांबली.

"मॅडम, तुमचं नेट गेलं वाटतं," ग्राहक म्हणाला. साहेबांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात खालून दुसरा आवाज आला. जाड, गिऱ्हाइकाला भाव कमी करून देताना निघतो तसा नाखुशीचा. म्याव. जरा थांबून, पुन्हा.

"नेट आहे सर," कृतिका म्हणाली, आणि पुढच्या स्लाइडवर गेली.