कोरडी गाठ

मी मासोळी आहे, पण खोटी, मासे फसवायची. लाकडाची. पोटात शिशाची गोळी, हनुवटीला प्लास्टिकचं पातं आणि अंगाखाली तीन-तीन टोकांचे दोन गळ. मला पोहता येतं, पण कुणी ओढलं तर. आता कुणी ओढत नाही. अलाबामातल्या एका तलावाकाठी, ऑर्लीन टिडवेलच्या स्वयंपाकघरात, शेगडीवरच्या खिळ्याला मी लटकते आहे आणि अंगावर तळणाचा चिकट थर चढतो आहे. तोंड तेवढं ऑर्लीननं मला कोरून दिलं. त्याच तोंडानं आज बोलते. ऐका, हवं तर.

माझं लाकूड झोपाळ्याचं. ऑर्लीनचा नवरा हॉइट तेव्हा चांगला भरभक्कम गडी होता. एका रविवारी चर्चहून आला, तळलेली कोंबडी चापली आणि ओसरीवरच्या झोपाळ्यात जो आदळला, तो झोपाळ्यासकट जमिनीवर. ऑर्लीन हसून हसून दाराला टेकली. "झोपाळ्याला बोल लावू नकोस हं," ती म्हणाली, "बिचाऱ्यानं झेपेल तेवढं सोसलं." मोडलेली फळी मात्र तिनं फेकली नाही. सायप्रसचं लाकूड पाण्यात सडत नाही, म्हणून ठेवून दिली.

त्या घरात कामाची वाटणी होती. कोरायचं ऑर्लीननं, निवडायचं हॉइटनं. आज कुठली मासोळी, कुठली काठी, किती जाड तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, हे तो पाण्याकडे नुसतं बघून सांगायचा. बास मासा म्हणजे त्याचा जीव की प्राण. खायला नव्हे हो! धरायचा, तोंडातला गळ हलकेच काढायचा, डोळे भरून बघायचं आणि सोडून द्यायचा. आयुष्यभर हेच केलं त्यानं, आणि खालच्या ओठामागे तंबाखूचा बार. बार भरलेला नाही असा त्याचा एक फोटो घरात सापडायचा नाही.

तंबाखूनं शेवटी दावा साधला. जबड्यात कॅन्सर निघाला. बर्मिंगहॅमला नेऊन किरणं दिली, तेव्हा तो दबला, पण त्याच्याबरोबर तोंडातली लाळही गेली. सगळी. मक्याचा पाव जिभेवर वाळूसारखा पडून राहायचा. ऑर्लीन तो ताकात चुरून द्यायची, तेव्हा कुठे दोन घास उतरायचे. शिट्टी वाजेनाशी झाली. हे सगळं त्यानं सोसलं, पण तोंड कोरडं आहे असं कुणासमोर कबूल करायचा नाही. पाण्याची बाटली कोटाच्या आत लपवून ठेवायचा, चोरून दारू पितात तशी पाणी प्यायचा.

हिवाळ्यात दुखणं परत उठलं. डॉक्टर म्हणाले, आता निम्मा जबडा काढू, पायाच्या हाडातून नवा बसवू, मग जगाल. नाही केलं तर पुढचा नाताळ दिसायचा नाही.

"निम्म्या तोंडानं जगू?" हॉइट म्हणाला. "लोक माझ्याकडे बघतील का भिंतीकडे?"

"मी बघेन की," ऑर्लीन म्हणाली. "पूर्ण तोंड असतानाही तुझ्याकडे बघणारी मी एकटीच होते."

तो हसला, पण जायला तयार होईना. त्याच दिवसांत ऑर्लीननं ती फळी काढली आणि मी जन्मले. समोर बसून हॉइट बघत होता.

"चंदेरी रंगव," तो म्हणाला.

"मार्चात? पाणी गढूळ चहासारखं झालेलं असताना? चंदेरी कुणाला दिसणार, तुझ्या भुताला?"

"मग?"

"गढूळ पाण्यात गडद, नितळ पाण्यात फिकट. तूच शिकवलंस आणि माझीच परीक्षा घेतोस होय रे?"

तिनं स्वतःचं नेलपॉलिश आणलं. पोट तांबडं, पाठ तपकिरी, गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारखी. वसंतात झिंगे चिखलातून वर येतात आणि उपाशी बास त्यांच्यावर तुटून पडतो. मला रंगवता रंगवता ती हळूच म्हणाली, "हॉइट, कशावर येशील तू? काय केलं म्हणजे जाशील?"

हॉइटनं खिडकीतून तलावाकडे बघितलं. मग म्हणाला, "सासूबाईंना विचारू."

सासूबाई म्हणजे तलावातली बासाची एक थोराड मादी. धरण बांधलं तेव्हा बुडालेल्या जुन्या रस्त्याकडेच्या खोडांत राहायची. कायम तोंड उघडं आणि घर सोडायची नाही, म्हणून हॉइटनं तिला ऑर्लीनच्या आईची पदवी दिली होती. कित्येक वर्षं त्याला झुलवत होती.

"या वसंतात ती माझ्या हातानं लागली, तर समजेन अजून माझ्यात राम आहे. दुसऱ्या दिवशी बर्मिंगहॅमला जातो. नाही लागली, तर तो विषय पुन्हा काढायचा नाही."

"माशावर जीव टांगतोस?"

"डॉक्टरांपेक्षा तिला मी जास्त ओळखतो."

ऑर्लीननं माझे डोळे बसवले, टाचणीची दोन डोकी. एका माणसाचा जीव माझ्यावर होता, आणि मी तर झोपाळ्याची ढलपी.

तलावाकाठी डेलमरचं दुकान. जिवंत आमिष, तंगूस आणि उकडलेल्या शेंगा. डेलमर हॉइटचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं एक महागडी ताठ काठी पुढे केली.

"ही गांडुळांसाठी ठेव," हॉइट म्हणाला. "या मासोळीला नरम काठी लागते. मासा तोंड मारतो, तेव्हा काठीनं जरा नमतं घ्यावं, नाहीतर गळ ओठ फाडून सुटतो."

"काठीला नमतं घ्यायला शिकवलंस. स्वतः कधी शिकणार?"

"शेंगा मोज तू."

"सुंभ जळेल, हॉइट, पण पीळ नाही जायचा तुझा!"

तंगूस हॉइटनं तो नव्या तऱ्हेचा घेतला, पाण्यात न दिसणारा. मजबूत, पण नखरेल. त्याची गाठ कोरडी आवळली, तर घासून स्वतःलाच भाजतो आणि ऐन वेळी तिथेच तुटतो. म्हणून गाठ आधी तोंडात धरून ओली करायची आणि मगच आवळायची. तलावाकाठच्या निम्म्या लोकांना हे हॉइटनंच शिकवलेलं. ऑर्लीनलाही, लग्नाच्या आधी. "दुसऱ्यांचे नवरे फुलं आणायचे," ती म्हणायची, "मी थुंकीवर भाळले."

काठावरची डॉगवुडची झाडं फुलांनी पांढरी झाली आणि बास उथळ पाण्यात यायला लागला. त्या सकाळी दोघं नावेतून निघाली. न्याहारीला ऑर्लीननं त्याला केळं कुस्करून दिलं होतं, आणि नावेत केळ्याचा वाससुद्धा अपशकुनी म्हणून हॉइटनं साबणानं हात घासघासून धुतले. एवढी काळजी घेतली हो त्यानं.

खोडांपाशी नाव थांबली. हॉइटनं तंगूस माझ्या नाकातल्या कडीतून ओवला, वेढे दिले, टोक परत आत घातलं आणि सवयीनं गाठ तोंडात धरली. मी त्याच्या ओठाशी होते. आत काही नव्हतं. जीभ गाठीवरून फिरली ती खरखरत, वाळलेल्या पानासारखी.

ऑर्लीन समोरच बसली होती. तिला दिसलं.

"दे इकडे, मी ओली करते."

"नको."

"अरे, थुंकी ती थुंकी. माशाला काय कळणार कुणाची ते?"

"मला कळेल. ज्याची गाठ त्यानं ओली करावी. अजून मेलो नाही मी."

"मग बाटलीतलं पाणी लाव. तलावात बुडव!"

"ऑर्लीन, गप्प बस."

पाणी नावेच्या कडेला वीतभर खाली होतं. हात खाली केला असता तरी भागलं असतं. त्यानं गाठ ओढली आणि माझ्या नाकाशी चटका बसला. मी तेव्हा ओरडायला हवं होतं, पण लाकडाच्या तोंडाला ऐन वेळी आवाज फुटत नाही.

आणि फेकली त्यानं मला. काय तो हात! मी बुडालेल्या रस्त्याच्या पलीकडे पडले, पातं खाली घालून बुडी मारली आणि डुलत डुलत निघाले. घाई नाही. थंड पाण्यातला बास आळशी असतो, त्याच्या तोंडाजवळून सावकाश जावं लागतं. एका खोडावर टक्कर झाली. दुसरा कुणी ओढत राहिला असता. हॉइट थांबला. टक्कर झाली की थांबायचं, ही त्याची खास रीत. मी लाकडाची, हळूच वर तरंगू लागले, घाबरलेला झिंगा सुटून पळतो तशी. खोडाच्या सावलीतून एक बादलीएवढं तोंड उघडलं आणि मी आत.

वर एकच आरडाओरडा. हॉइट हसत होता. जन्मल्यापासून मी त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं. काठी वाकली, सासूबाई खोडाकडे धावल्या, त्यानं हलकेच वळवलं, सोडलं, पुन्हा ओढलं. सगळं बरोबर निवडलं होतं त्यानं. रंग बरोबर, काठी बरोबर, वेळ बरोबर. मादी थकली, नावेशेजारी आडवी झाली. ऑर्लीन जाळी घेऊन वाकली. "अगं आई गं! खरंच आईएवढी आहे रे!" ती रडत रडत ओरडली.

मादीनं एक शेवटचा हिसका दिला. अगदी साधा. गाठीपाशी तट्कन आवाज झाला.

मग मी काळोखात जात राहिले, तिच्या जबड्यात रुतलेली. तीही दुखण्यानं वेडी झाली होती. खोडांवर जबडा घासत राहिली आणि काही दिवसांनी तिनं मला एका मुळीत अडकवून स्वतःला सोडवून घेतलं. ती सुटली, मी तिथेच राहिले.

सबंध उन्हाळा मी वरच्या नावांची इंजिनं ऐकत होते. हॉइटचं इंजिन खोकत सुरू व्हायचं, ते एकदाही आलं नाही. मला वाटलं, ऑर्लीननं त्याला नेलं असेल. बर्मिंगहॅमला निजला असेल, तोंडाला पट्ट्या बांधून. जितके दिवस तो आला नाही, तितकी माझी आशा वाढत गेली. मूर्ख मी.

पानगळीत तलावाचं पाणी सोडतात. खोडं उघडी पडतात, आणि लोक गमबूट घालून चिखलात हिंडतात, अडकलेल्या मासोळ्या गोळा करतात. तशी ऑर्लीन आली, बादली घेऊन. बरोबर डेलमर. हॉइट नव्हता. तिच्या अंगात हॉइटचा कोट होता, आणि तो बघितल्यावर मला विचारायची गरज उरली नाही.

"ही बघ," ती म्हणाली. "ही बघ माझी पोर." तिनं मला मुळीतून सोडवलं, अंगठ्यानं चिखल पुसला. मग तिची नजर माझ्या नाकाशी गेली आणि तिनं मला डेलमरपुढे धरलं. "हे काय रे?"

डेलमरनं बघितलं आणि तोंड फिरवलं. "सोड ना, ऑर्लीन."

"सांग."

"गाठ अख्खी आहे. तंगूस गाठीलगतच तुटलाय. आणि बघ, कसा पांढरा पडून आक्रसलाय. कोरडी आवळली होती."

"खोडावर घासून नाही तुटला? तिनं नाही तोडला?"

"खोडावर तुटला असता तर हातभर तंगूस लोंबत राहिला असता. नाही, तिनं नाही तोडला."

ऑर्लीन चिखलातच बसली. "तुटल्यावर त्यानं आपल्याकडचं टोक गुंडाळून घेतलं, डेलमर. डोळ्यांशी धरून बघितलं. मग कात्रीनं कापून पाण्यात टाकलं आणि म्हणाला, खोडावर घासून तोडला तिनं, मिळालं उत्तर. मी म्हटलं, उद्या परत येऊ. नाही म्हणाला. पाया पडले त्याच्या. नाही म्हणाला."

"त्याला कळलं असणार," डेलमर हळूच म्हणाला. "हॉइटला टोक बघून कळलं नाही, असं होणार नाही."

"कळलं होतंच." ती मला मुठीत धरून पुढेमागे डुलत होती. "मेला, पण तोंड कोरडं आहे म्हणाला नाही. आणि मी समोर बसले होते रे. माझ्या तोंडाला पाणी होतं!"

डेलमर तिच्या शेजारी तसाच चिखलात उभा राहिला.

ऑर्लीन आता कोरत नाही. सुऱ्या गंजल्या. लोक मासोळ्या मागायला येतात, ती दारातूनच परत पाठवते. मक्याचा पाव मात्र अजून ताकात चुरून खाते, तिला चावता येत असताना. डेलमरनं ती जळकी गाठ कापून टाकायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही.

मला आता पाणी बघायचं नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाचं तोंड कोरडं पडलं असेल आणि समोरचं माणूस "दे इकडे" म्हणालं, तर द्यायला सांगा त्याला. भांडा, पण द्यायला लावा.

संध्याकाळी भांडी झाली की ऑर्लीन मला खिळ्यावरून काढते. माझ्या नाकाशी ती गाठ आहे, ती ओठांत धरते, जिभेनं नीट भिजवते आणि मला परत टांगते. माझी गाठ आता रोज ओली असते.