गाठीच्या बोळात अडकलेली मी

मित्रांनो, मी एक म्हातारी तांबडी रक्तपेशी आहे. माझं वय ऐकून तुम्ही हसाल, कारण तुमच्या हिशेबाने ते जेमतेम काही महिन्यांचं. पण आमच्यात एवढ्यातच केस पिकतात. म्हणजे केस असते तर पिकले असते.

हाडाच्या पोकळीत मी जन्मले. बशीसारखी चपटी, मधे दबलेली, आणि कुठल्याही बोळातून वाकून निघेल अशी लवचीक. फुप्फुसांशी जायचं, प्राणवायू पाठीवर घ्यायचा, मागणी असेल तिथे उतरवायचा, हेच माझं काम. ज्या बाईंच्या अंगात मी राहते, त्या कपडे शिवतात. सुई ओवताना त्यांचं बोट थरथरू नये म्हणून मी किती वेळा त्या बोटाच्या टोकापर्यंत धावले! गिऱ्हाइकं म्हणत, बाई, तुमच्या हाताला डोळे आहेत. ती शाबासकी आम्ही आपली वाटून घेत असू.

मग एकदा मानेत, जबड्याच्या खाली, माझं वळण चुकलं.

तिथे एक गाठ वाढत होती. तिने घाईघाईत स्वतःसाठी वाटा काढून घेतल्या होत्या. भिंती कच्च्या, झिरपणाऱ्या. वाटा एकमेकींत गुंतलेल्या. प्रवाह मधेच थांबे, मधेच उलटा फिरे. मी शिरले त्या बोळाला पुढे तोंडच नव्हतं, आणि मागून गर्दी आली. पाठीवरचा प्राणवायू दाराशीच ओढून घेतला गेला. आत खोल बसलेल्या पेशींना त्यातलं काही मिळालं नाही. काही गुदमरून मेल्या. उरल्या त्या मात्र हट्टी निघाल्या; श्वास कोंडून जगायला शिकल्या.

मी हलू शकत नव्हते. गळा जवळ, म्हणून बाहेरचं बोलणं तेवढं भिंतीतून ऐकू येई.

बाईंनी स्वतःसाठी बंद गळ्याचा सदरा शिवला होता, आणि गळ्याचं बटण काजापर्यंत पोचेना. कापड आटलं म्हणाल्या. दुसरं कापड आणलं, भिजवलं, वाळवलं, आणि मापाच्या त्याच जुन्या कागदावरून कापलं. पुन्हा तेच. कापडवाल्याचा उद्धार झाला. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता असला तर त्यांना दारातूनच दिसे. स्वतःच्या मानेबद्दल मात्र त्यांचा विश्वास त्या कागदावर.

काज-बटणं करणारी त्यांची नणंद हे पाहत होती.

"वहिनी, कापडं बदलून झाली," ती म्हणाली. "आता एकदा मान मापा."

"माझं माप मला पाठ आहे."

नणंदेने वाद घातला नाही. मागून येऊन टेप मानेभोवती फिरवली. तिचा दाब माझ्यापर्यंत पोचला. शिवणयंत्र थांबलं.

"किती भरलं?" बाईंनी विचारलं.

"ते राहू द्या. उठा, दवाखान्यात जायचंय."

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. गाठ कर्करोगाची आहे, तिच्यावर किरणांचा मारा करायचा. पण जिथे प्राणवायू कमी, तिथे त्या माऱ्याचा परिणाम कमी होतो. आतल्या पेशी वाचल्या तर गाठ परत येईल. त्यात बाईंच्या अंगात रक्तही कमी, तेही भरून काढायला हवं. शिवायला बसल्या की यांना जेवायचं भान नसतं हो, असं सांगून नणंदेने आपला राग काढला.

किरण सुरू झाले. आधी कडेच्या पेशी पडल्या. दाटी कमी झाली, दबलेल्या वाटा सैल झाल्या, आणि एक दिवस एक तरुण रक्तपेशी पाठीवर प्राणवायू घेऊन माझ्या शेजारून आत गेली. मग दुसरी. मित्रांनो, त्या हट्टी पेशींना पहिल्यांदाच पोटभर श्वास मिळाला, आणि त्या श्वासामुळेच पुढचे किरण त्यांना लागले.

सगळ्या अजून पडलेल्या नाहीत. मीही इथेच आहे. वाट मोकळी झाली, पण आता मला वाकता येत नाही. म्हातारपणी आम्ही ताठ होतो.

माझ्यासाठी काही करू नका. पण घरात कुणी सूज, गाठ, दुखणं कपड्याआड झाकत असेल, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. हात धरून दवाखान्यात न्या, आणि परत आल्यावर वेळेवर जेवायला बसवा. आत कोंडलेल्यांना हाक मारता येत नाही.

किरणांनी बाईंचा घसा सोलवटला आहे. बाहेर नणंद त्यांच्यापुढे मऊ भाताची वाटी धरून बसली आहे.

"एवढाच घास," ती म्हणते.

बाई डोळे मिटतात आणि गिळतात. तो घास माझ्या अगदी जवळून, हळूहळू, खाली उतरतो.