बाबांची सक्तीची रजा

“बाबा, तुम्ही बँकेचे पैसे खाल्लेत का?”

विचारून टाकलं एकदाचं! “हिंमत असेल तर विचार,” अशी मैत्रिणींनी पैज लावली होती आणि पैजेत माघार घेणारी मी नव्हेच. शिवाय मलाही जाणून घ्यायचंच होतं. अंगात ताप असला तरी बँकेत जाणारा माणूस सोमवारपासून इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसला होता आणि अख्खी गल्ली कुजबुजत होती.

“कार्टे, तुझ्या जिभेला काही हाड?” आई ओट्यापाशी कडाडली.

बाबा मात्र हसले. किती दिवसांनी!

“अगं, बँक वाढली आपली. मी लागलो तेव्हा एका दुकानावरची खोली होती नुसती. आता शेजारच्या देशातही शाखा आहेत. बँक वाढली की नियमही कडक होतात. तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे, त्याला वर्षातून एकदा अचानक घरी धाडतात. सलग दोन आठवडे. फोनसुद्धा करायचा नाही. त्याच्या खुर्चीत दुसरं माणूस बसतं. पहिल्याने काही दडवलं असेल, तर तेवढ्यात उघडं पडतं.”

“म्हणजे संशयच की!”

“सगळ्यांवर सारखाच. म्हणून कुणाला लागत नाही.”

“मग तुमचं तोंड का एवढंसं?”

बाबांनी फोन पालथा ठेवला. “सापडणार काही नाही गं. पण माझ्यावाचून कुणाचं काही अडलंच नाही तर?”

आता मला कुठलं राहवतंय! दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच मैत्रिणींना घेऊन थेट बँक गाठली. बाबांच्या खुर्चीत एक चष्मेवाली ताई होती. हात भराभर चालत होते, रांग सरसर पुढे जात होती. बाबांची पाठीमागे घ्यायची उशी कपाटावर पडली होती. शिपाईकाकांनी मला ओळखलं. “साहेबांना म्हणावं, निवांत राहा. सगळं चोख निघालंय.”

मैत्रिणींनी कान पकडले. तरी पैज जिंकल्यासारखं काही वाटेना.

बाबा दारातच उभे. “गर्दी होती?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “होती. पण पटापट सरकत होती.”

“आणि माझी उशी?”

“कपाटावर.”

बाबा नुसतं “बरं” म्हणाले.

आई आतूनच बोलली, “अहो, तुम्ही घडी नीट बसवलीत म्हणून नव्या माणसाला जड गेलं नाही. माझ्या ओट्यापाशी उभे राहा एकदा! मीठ कुठंय तेही सापडायचं नाही.”

माझी ट्यूब पेटली. मी स्टुलावरच चढले.

“ठरलं! उद्यापासून आईलाही सक्तीची रजा. आई मावशीकडे जाणार. तिच्या जागी बाबा आणि हाताखाली मी.”

आई “वेडी कुठली!” म्हणत हात पुसत बाजूला झाली. बाबा इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडायला लागले.

“आणि आई, फोन करायचा नाही. मीठ कुठंय, एवढंही सांगायचं नाही!”